तिसरा सेल

थिएटरात सगळे त्याला घुबड म्हणत, आणि हे त्याला ठाऊक होतं. आपल्याला अंधारात दिसतं म्हणून हे नाव पडलं, अशी त्याने स्वतःची समजूत करून घेतली होती. खरं कारण त्याचं तोंड होतं. सकाळी उठल्यापासून कुणीतरी आपलं काहीतरी लाटलंय असा चेहरा करून तो वावरायचा, आणि प्रेक्षकाने तिकीट पुढे केलं की मेलेलं झुरळ उचलावं तसं ते दोन बोटांत धरायचा.

तो बाल्कनीचा डोअरकीपर होता. दारात उभं राहायचं, तिकीट फाडायचं, उशिरा आलेल्यांना अंधारातून त्यांच्या खुर्चीपर्यंत न्यायचं. उभ्या आयुष्यात त्याने एवढंच केलं होतं, पण चोख केलं होतं. त्याच्याकडे तीन सेलची स्टीलची बॅटरी होती, जुन्या मालकाच्या काळातली, डोक्याशी फुगीर, बटणापाशी घासून गुळगुळीत झालेली. तिचा पिवळा ठिपका पायऱ्यांवरून पुढे सरकायचा आणि त्याच्यामागून भलेभले मुकाट चालायचे. पडद्यावर हिरो कोणीही असो, मधल्या वाटेचा हिरो घुबड होता.

मग लोकांच्या खिशात मोबाइल आले आणि मोबाइलला दिवे आले. उशिरा येणारा माणूस घुबडासाठी थांबेनासा झाला. खिशातून मोबाइल काढायचा, ढळढळीत पांढरा उजेड पाडायचा, आणि आपली खुर्ची आपणच शोधून बसायचा. घुबड मागून आपला पिवळा ठिपका घेऊन धावायचा, म्हणजे वरातीमागून घोडं.

हेही त्याने गिळलं असतं. पण थिएटरचा मॅनेजर त्याचा मेहुणा होता.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याला कुठे कामधंदा मिळेना तेव्हा घुबडानेच मालकाकडे शब्द टाकून त्याला तिकिटाच्या खिडकीत बसवलं होतं. खिडकीतून तो ऑफिसात गेला, ऑफिसातून नव्या मालकाच्या मर्जीत गेला, आणि एके दिवशी मॅनेजरच्या खुर्चीत जाऊन बसला. त्या दिवसापासून थिएटरात सगळ्यांनी त्याला साहेब म्हणायचं असं ठरलं. घुबडाच्या तोंडून काही तो शब्द फुटेना. नावाने हाक मारायची सोय राहिली नव्हती आणि साहेब म्हणायला जीभ वळत नव्हती, म्हणून तो त्याच्याशी कशानेही हाक न मारता बोलायचा. ‘हे बघा’ म्हणून सुरुवात करायची आणि ‘कळलं ना’ म्हणून संपवायचं. मेहुणाही कमी नव्हता. एकटे असताना तो ‘भावोजी’ म्हणायचा, पण चारचौघांत मुद्दाम ‘ए बाल्कनी’ अशी हाक मारायचा.

घरीही फार वेगळं नव्हतं. बायको एका कारखान्यात कामाला होती, तिथे वीज गेल्यावर लावायचे दिवे बनत. तिचं काम सेल तपासायचं. दिवसभर मीटरची टोकं सेलला लावून चांगले इकडे, वाईट तिकडे करायची, आणि घरी आल्यावर नवऱ्याकडेही त्याच नजरेने बघायची. मूलबाळ नव्हतं, म्हणजे मध्यस्थही नव्हता. दोघांना एकमेकांना काही सांगायचं असलं की ते भांड्यांना सांगत. बायको पातेल्याला म्हणायची, “कुणाला चहा हवा असेल तर आत्ताच सांगावं.” घुबड दाराच्या कडीला म्हणायचा, “हवाय.” बायको भावाची बाजू घेते अशी त्याची खात्री होती. मेहुण्याला तो घरात शिव्या द्यायचा तेव्हा ती उत्तर द्यायची नाही, आणि उत्तर न देणं म्हणजे बाजू घेणंच, असा त्याचा हिशेब.

त्या दिवशी मॅटिनीला कॉलेजच्या मुलामुलींचं एक टोळकं आलं. सिनेमा सुरू झाला होता. घुबड बॅटरी लावून पुढे झाला तर एकाने मोबाइलचा दिवा लावून त्याच्या बॅटरीच्या ठिपक्यावर धरला. पिवळा ठिपका नाहीसा झाला. पाण्यात साखर जावी तसा गेला.

“काका, तुमची बॅटरी लागलीय का?” तो पोरगा म्हणाला. “आम्हाला दिसत नाहीये.”

टोळकं हसलं. दुसऱ्याने दिवा लावला, मग तिसरीने, आणि सगळ्यांनी मिळून त्याच्या तोंडावर उजेड धरला. घुबड डोळे बारीक करून उभा राहिला. आसपासचे प्रेक्षकही हसू लागले. आणि त्या हसण्यात त्याला एक ओळखीचं हसू ऐकू आलं. बाल्कनीच्या दारात मेहुणा उभा होता.

इंटरव्हलला मेहुण्याने त्याला कँटीनपाशी गाठलं. कँटीनवाला होता, तिकीटवाली होती, खालच्या मजल्याचा डोअरकीपर होता.

“ए बाल्कनी,” मेहुणा म्हणाला. “ती बॅटरी आता ठेवून दे घरी. म्युझियमला देऊन टाक पाहिजे तर. उद्यापासून शो सुटला की खुर्च्यांखालचा कचरा काढायचा. झाडू मागच्या खोलीत आहे.”

“हे बघा,” घुबड म्हणाला, “झाडू मारायला मी लागलो नव्हतो.”

“मग कशाला लागला होतास? काळोखात उभं राहायला? त्याचा पगार द्यायला मालक खुळा नाही.”

कँटीनवाल्याने ग्लास धुवायला सुरुवात केली. बाकीचे दोघे भिंतीकडे बघायला लागले. घुबडाच्या अंगाचा तिळपापड झाला आणि बॅटरी काखेत मारून तो बाल्कनीत परत गेला.

त्या संध्याकाळी तो घरी आला तो येताना चार नवे सेल घेऊनच. बॅटरीत तीनच मावत. त्याने मागची स्प्रिंग काढली, चौथा सेल अर्धा बाहेर राहिला, त्यावर झाकण ठेवून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने करकचून बांधलं. बटण दाबलं. भिंतीवर खरंच पांढरा उजेड पडला, जळमटंसुद्धा मोजता यावीत असा. त्याला इतका आनंद झाला की तो बायकोकडे बघून हसला, आणि लगेच आपली चूक लक्षात येऊन पुन्हा तोंड वाकडं केलं. दुसऱ्या दिवशी ही बॅटरी एक शो चालली. मग बल्ब आतून काळा झाला आणि गेला. त्याने नवा घातला, तोही गेला. पुढचा बल्ब तो घरी बसून घालत होता तेव्हा बायको पातेल्याला म्हणाली, “मोडक्या गाढवाला शेपूट बांधल्यासारखं चाललंय.”

“कुणी मत विचारलं नव्हतं,” घुबड कडीला म्हणाला.

बायको उठली आणि तिने बॅटरी त्याच्या हातातून सरळ ओढून घेतली. ट्यूबची पट्टी सोडली, सेल ओट्यावर ओतले, बल्ब काढून खिडकीपाशी धरून बघितला. मग कितीतरी दिवसांनी ती पातेल्याशी न बोलता त्याच्याशी बोलली.

“हे कशासाठी चाललंय?”

घुबडाने सांगितलं. टोळकं सांगितलं, झाडू सांगितला, दारातलं हसू सांगितलं. भावाच्या वतीने ती आता काहीतरी बोलेल म्हणून तो दात-ओठ खात वाट बघत राहिला. बॅटरी तिने ओट्याखाली ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून येताना तिने जेवणाच्या डब्यातून तीन सेल आणले. नेहमीच्या सेलपेक्षा बारीक, निळे, पत्र्याचे, थोडे चेपलेले. चेप पडला म्हणून ते भंगाराच्या पिंपात गेले होते, पण मीटरवर तिने ते पुन्हा तपासले होते. येताना सायकलवाल्याकडून पुढच्या दिव्याचा बल्बही आणला होता. ती जमिनीवर बसली, दोन सेलना पुठ्ठ्याची गुंडाळी केली, तिसऱ्याच्या जागी लोखंडी नळीचा तुकडा घातला आणि झाकण फिरवलं.

“तुमचा सेल दीड व्होल्टचा,” ती म्हणाली. “हा एकटा चारचा. दोन म्हणजे आठ. बल्ब आहे सहाचा. सहाच्या बल्बाला आठ पाजले की तो पांढरा जळतो आणि लवकर मरतो. लावायचं आणि सोडायचं. धरून ठेवायचं नाही.”

“आणि तिसरा?”

“तो बदलीला. एखादा बसला तर.”

“नळी काढून तिसराही घातला तर?”

तिने त्याच्याकडे बघितलं. “बारा होतील. पापणी मिटेपर्यंत टिकेल बल्ब. पण तेवढ्यात जो उजेड पडेल तो कुणी डोळ्याने बघू नये.”

“तू हे का करतेस?” घुबडाने विचारलं. “तो तुझा भाऊ आहे.”

“माझं मला ठाऊक,” ती म्हणाली आणि पातेल्याकडे वळली.

मग घुबडाचे दिवस आले. त्याची बॅटरी अंधारात तलवारीसारखी निघायची. मोबाइलचे दिवे तिच्यापुढे काजवे वाटायचे. कोणी खुर्चीवर पाय टाकले की भक्‌कन उजेड. कोणी फोनवर बोललं की थेट तोंडावर उजेड, आणि तो माणूस डोळ्यांवर हात घेऊन “अहो, बंद करा” म्हणेपर्यंत उजेड. मग अंधार. त्या माणसाला पुढची दहा मिनिटं पडद्यावर हिरवे डाग दिसायचे. पोरं बाल्कनीत वाकून चालू लागली. एक म्हातारे गृहस्थ काही एक न करता नुसते खोकले, तर त्यांच्याही तोंडावर उजेड पडला. त्यांची बायको म्हणाली, “काय माणूस आहे का कोण.” घुबडाला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. त्याला इतकं बरं वाटत होतं की जेवणही अंगाला लागायला लागलं.

बल्ब जात, तो नवे घाली. बॅटरीचं डोकं इतकं तापायचं की तो ती रुमालात धरायचा. बायको दोनेक दिवसांनी सेल डब्यातून कारखान्यात न्यायची, तिथल्या चार्जरवर भरून आणायची, आणि ओट्यावर ठेवायची.

तक्रारी मेहुण्याकडे गेल्याच. एक बाई ऑफिसात जाऊन भांडून आली, तिकिटाचे पैसे परत घेऊन गेली. मेहुणा शो सुटल्यावर बाल्कनीत आला. सगळी माणसं त्याने बोलावून घेतली होती, ऑपरेटरलासुद्धा खाली उतरवलं होतं.

“झाडूकडे मी डोळेझाक केली. पण सोमवारी ही बॅटरी माझ्या टेबलावर आली पाहिजे,” तो म्हणाला. “नाही आली तर सोमवारी तू यायचं नाहीस. आणि एक लक्षात ठेव. तुला ठेवलंय ते तुझ्या बायकोकडे बघून. नाहीतर तुझ्यासारखा माणूस मी दारात उभा केला नसता.”

“दारात तुला मी उभा केला होता,” घुबड म्हणाला. मेहुणा मॅनेजर झाल्यापासून तो पहिल्यांदाच त्याला ‘तू’ म्हणाला होता.

मेहुणा हसला. “केला असशील. मी आत गेलो. तू अजून दारातच आहेस.”

घरी जाऊन घुबडाने बॅटरीचं झाकण काढलं, लोखंडी नळी बाहेर ओतली आणि तिच्या जागी तिसरा सेल घातला. नवा बल्ब बसवला. बायको समोर होती. तिने बघितलं. “लावून बघू नका,” एवढंच म्हणाली.

सोमवारपर्यंत तो हातात अशी बॅटरी घेऊन उभा राहिला, जी लावायची नव्हती. एकदाच लागणार होती आणि ती कुणासाठी राखली आहे हे त्याचं ठरलं होतं. उशिरा आलेल्यांना तो कोपराला धरून अंधारातून नेऊ लागला. “पायरी आहे,” “इथे वळा,” “बसा.” त्याला प्रत्येक पायरी पाठ होती, त्यामुळे कोणी ठेचकाळलं नाही. त्या खोकणाऱ्या म्हाताऱ्यांसारखेच एक आजोबा त्याला म्हणाले, “आज बॅटरी नाही लावत? हे बरं आहे. हात धरलेला बरा.” घुबडाने त्यांचा हात सोडला आणि परत फिरला.

सोमवारी तो बॅटरी घेऊन ऑफिसात गेलाच नाही. सरळ बाल्कनीत जाऊन उभा राहिला. मॅटिनी सुरू झाली. पडद्यावर रात्रीचा प्रसंग होता, हॉल काळाकुट्ट. मेहुणा दार ढकलून आत आला, त्याला शोधत मधल्या वाटेने काही पायऱ्या उतरला, आणि घुबड दिसल्यावर त्याच्या समोर येऊन उभा राहिला. पाठ पडद्याकडे, तोंड घुबडाकडे.

“आण इकडे,” तो हलक्या आवाजात म्हणाला.

घुबडाने बॅटरी पाठीमागे घेतली.

“भावोजी, तमाशा नको. आण.” त्याने हात पुढे केला.

बाल्कनीच्या पायऱ्या उंच होत्या, आणि मेहुण्याच्या टाचा पायरीच्या अगदी कडेवर होत्या. घुबडाला ते दिसत होतं. पुढे त्याने स्वतःला पुष्कळदा विचारलं की आपल्याला ते दिसलं होतं का, आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच आलं. दिसलं होतं. त्याने बॅटरी पुढे आणली, मेहुण्याच्या डोळ्यांसमोर धरली आणि बटण दाबलं.

असा उजेड त्या थिएटरात कधी पडला नव्हता. क्षणभर मेहुण्याच्या मिशीतला केस न् केस दिसला, आजूबाजूच्या रांगांतली सगळी तोंडं चुन्यासारखी पांढरी दिसली, आणि काचेच्या आत फट्‌ असा आवाज झाला. मग काहीच दिसेना. घुबडालाही दिसेना. मेहुण्याचा एक हात त्याच्या सदऱ्याला लागून निसटल्याचं त्याला कळलं, आणि मग पायऱ्यांवरून एक जड वस्तू घरंगळत जावी तसा आवाज येत गेला, थांबला.

“बसा की खाली,” कोणीतरी ओरडलं. कोणी शिटी मारली.

घुबड जागचा हलला नाही. त्याच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते सरळ सांगायचं तर समाधान होतं. फार दिवस खाजणारी जागा एकदाची ओरबाडली गेली, तसं. मग खालून आवाज आला.

“ताई,” मेहुणा म्हणत होता. “ताई गं. मला दिसत नाही.”

पन्नाशीला टेकलेला, साहेब म्हणवून घेणारा माणूस लहान पोरासारखा बहिणीला हाक मारत होता. घुबड एकेक पायरी पायाने चाचपत खाली उतरला. उभ्या आयुष्यात त्याला त्या पायऱ्या चाचपायला लागल्या नव्हत्या. मेहुण्याचा खांदा हाताला लागला तसा मेहुण्याने त्याचं मनगट घट्ट धरलं.

“कोण आहे?”

“मी.”

मेहुण्याने मनगट झिडकारलं. “दूर हो. हात लावू नकोस मला.”

“उठता येतंय का?”

“दूर हो म्हटलं ना.”

तोवर हॉलमधले दिवे लागले. मेहुण्याचा डावा पाय घोट्यापाशी भलत्याच दिशेला वळला होता. डोळे उघडे होते, पण ते कुठेच बघत नव्हते. कँटीनवाला धावत वर आला, आणि त्याने व घुबडाने मिळून त्याला उचललं. उचलताना मेहुणा दोघांपैकी एकालाच शिव्या देत होता.

दवाखान्यात संध्याकाळपर्यंत पायाला प्लास्टर चढलं. डोळ्यांचं काही बिघडलं नव्हतं. मधोमध एक काळा ठिपका तेवढा राहिला होता, तो जाईल असं डॉक्टर म्हणाले. घुबड बाहेर बाकावर बसला होता. बायको कारखान्याचा निळा डगला घालूनच आली. ती आत गेली, आणि तिच्यामागून घुबडही जाऊन दारात उभा राहिला.

“ताई,” मेहुणा म्हणाला, “बघ काय केलं याने. हा माणूस नाही, जनावर आहे. पायाला प्लास्टर आहे म्हणून, नाहीतर आत्ता उठून पोलिसांत गेलो असतो. उद्या जाणार. याला खडी फोडायला लावतो.”

“माझंही नाव सांग,” बायको म्हणाली. “सेल मी आणले होते. बल्ब मी आणला होता. बॅटरी मी बांधली.”

मेहुण्याने मान वळवून तिच्याकडे बघायचा प्रयत्न केला. ठिपका मध्ये येत असावा, कारण त्याने मान दोनदा तिरकी केली.

“तू? का?”

“नव्या घरी जेवायला बोलावलं होतंस तेव्हा तुझ्या मालकाची बायको आली होती. आठवतं? मी स्वयंपाकघरात होते. तिने विचारलं, या कोण. तू काय सांगितलंस?”

“काय सांगितलं?”

“म्हणालास, पूर्वी आमच्याकडे कामाला होत्या, मदतीला बोलावलंय.”

घुबडाने भिंतीला हात टेकला. हे तो पहिल्यांदा ऐकत होता. त्या दिवशी तोही त्या घरी जेवला होता, बाहेरच्या खोलीत, पोटभर.

“मी असं म्हटलं?” मेहुणा म्हणाला. “शक्यच नाही. मला आठवत नाही.”

“तुला आठवत नसणार. मला माहीत होतं.” तिचा आवाज चढला नव्हता. “आई गेली तेव्हा तू चड्डीत होतास. माझी शाळा मी तुझ्यासाठी सोडली. तुझं हगणं-मुतणं काढलं, तुला अक्षर ओळखायला शिकवलं. कामाला होते, हे तसं खोटं नाही. फक्त तू ते दुसऱ्याच अर्थाने बोललास.”

“ताई, माणूस घाईत काहीतरी बोलून जातो. म्हणून माझे डोळे फोडायचे?”

“तुला पाडायचं माझ्या मनात नव्हतं. तुला एकदा नीट दिसेनासं व्हावं, एवढं होतं.”

मेहुणा चवताळला. “दोघांना आत टाकतो. बहीण असलीस तरी सोडणार नाही.”

“टाक,” ती म्हणाली. “पोलीस लिहून घेताना नातं विचारतात. तू ते सांग. मग ते तुझ्या मालकाला कळेल, मालकाच्या बायकोला कळेल. ती विचारेल, अरे, ही तर तुमची मोलकरीण ना? तिला काय सांगायचं ते आतापासून ठरवून ठेव.”

ती वळली आणि घुबडाच्या अंगावरून बाहेर निघून गेली. मेहुणा छताकडे बघत राहिला. मग घुबडाकडे न बघता म्हणाला, “तू कशाला थांबलास? उद्यापासून थिएटरकडे फिरकायचं नाही.”

दोघं चालत घरी निघाले. घुबड एक पाऊल मागे होता.

“मला कधी बोलली नाहीस,” शेवटी तो म्हणाला.

“तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही हसला असता.”

घुबड नाही म्हणायला गेला, पण ते खोटं झालं असतं. तो हसला असता. ‘बघ, तुझा लाडका भाऊ’ म्हणून हसला असता, आणि पुढे कितीतरी वर्षं भांड्यांना ते ऐकवत राहिला असता. हे त्याला स्वच्छ दिसलं, आणि दिसल्यावर त्याला स्वतःच्या तोंडाची किळस आली.

मेहुणा पोलिसांत गेला नाही. मालकाला त्याने पाय घसरला म्हणून सांगितलं. घुबडाची जागा कोणी घेतली नाही, कारण ती जागाच उरली नव्हती. त्याला बर्फाच्या कारखान्यात दारावर काम मिळालं. तिथे सगळं लख्ख उजेडात होतं, ट्रक मोजायचे आणि दार लावायचं. पुन्हा दारातच, हे त्याच्या मनात रोज यायचं. बायको त्याच्याशी आता भांडली तर थेट भांडायची, पातेल्याला मध्ये आणत नसे. त्यामुळे घरातली भांडणं वाढली आणि लवकर संपू लागली.

पावसाळा संपता संपता एका दुपारी खालून हाक आली. बायको स्वयंपाकघरात डबे घासत होती. तिने खिडकीतून वाकून बघितलं आणि मागे झाली.

“जाऊन सांगा, मी घरी नाही.”

घुबड खाली उतरला. मेहुणा काठी टेकून उभा होता. अंगाने उतरला होता. दुसऱ्या हातात काहीतरी खोक्यात बांधलेलं होतं.

“ताई आहे?”

“नाही.”

वरून डबा आपटल्याचा आवाज आला. मग नळाचा. मग दुसरा डबा. मेहुण्याने वर बघितलं.

“आवाज येतोय तिचा.”

“येतोय,” घुबड म्हणाला.

“मग?”

“मग काय. नाही म्हणाली.”

दोघं तिथेच उभे राहिले. एकमेकांना आत बोलावण्याइतकंही त्यांच्यात काही उरलं नव्हतं, आणि दार लावून घेण्याइतकं बळ घुबडाच्या हातात नव्हतं. मेहुण्याने खोकं पुढे केलं. घुबडाने ते घेतलं नाही. मेहुण्याने ते पायरीवर ठेवायला वाकून बघितलं, पाय दुखला, तसाच सरळ झाला आणि खोकं परत काखेत मारून चालू लागला. गल्लीच्या टोकाशी जाईपर्यंत त्याला फार वेळ लागला. घुबड तो जाईपर्यंत बघत राहिला, मग वर आला.

“गेला?” बायकोने विचारलं. ती पाठमोरीच होती.

“गेला.”

“लंगडतो का अजून?”

“लंगडतो.”

“डाव्या पायाने?”

“डाव्या.”

तिने धुतलेला डबा पुन्हा एकदा पाण्याखाली धरला. “लहानपणी त्याच पायावर पडला होता,” ती म्हणाली. “तेव्हाही नीट बसला नव्हता.” आणि डबा पालथा घालून ती पुढचा घासायला लागली.